कल्पित प्राण्याचे नामकरण

डूगल डिक्सन यांच्या 'आफ्टर मॅन' (१९८१) या ग्रंथात मानव नष्ट झाल्यानंतर ५ कोटी वर्षांनी पृथ्वीवर वावरणाऱ्या प्राण्यांचे वर्णन आहे. त्यांतील 'रॅबक' हा सशाचा वंशज. हरणांची जागा रिकामी झाल्यामुळे तो लांब पायांचा, खुरांचा चरणारा प्राणी बनला. इंग्रजी नाव 'रॅबिट' आणि 'बक' (नर हरीण) या शब्दांच्या जोडातून घडले आहे. मराठीत 'ससाहरीण' म्हटल्यास द्वंद्व समास भासतो. शिवाय संकराचा भ्रम होतो, तो वेगळाच! 'हरणससा' या नावात उत्तरपद प्रधान राहते: वंशाने ससा, राहणीने हरीण. म्हणून हेच नाव आम्हास ग्राह्य वाटते.

स्वाध्याय : वटवाघळापासून उत्क्रांत झालेल्या, जमिनीवर चालणाऱ्या 'नाइट स्टॉकर' या शिकारी प्राण्यास मराठी सामासिक नाव सुचवा व त्याचा विग्रह लिहा.