माजघराच्या भिंतीची ओल

कोकणातल्या जुन्या चिरेबंदी घरात मधली भिंत ओल धरायला लागली, की घरातलं कुणीतरी वॉटरप्रूफिंगचा डबा घेऊन येतं. तो डबा दुकानातच राहू द्या. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. तो जमिनीतलं पाणी वर ओढतो आणि हवा लागली की सोडूनही देतो. जुना चुन्याचा गिलावा हे पाणी बाहेर पडू द्यायचा. पुढे कधीतरी डागडुजीत त्यावर सिमेंट चढलं, त्यावर पुट्टी आणि ऑइलपेंट, आणि पाण्याची बाहेर पडायची वाटच बुजली. आता ते भिंतीतून आणखी वर चढतं. खाली टाइल्स लावल्या तरी टाइल्सच्या वर पोपडे येतात ते यामुळेच. भिंतीत येणारं पाणी थांबवायचं आणि आलेलं बाहेर जाऊ द्यायचं, एवढंच काम आहे. मात्र ते ऋतू बघून करावं लागतं: शोध पावसाळ्यात, तोडफोड दिवाळीनंतर, गिलावा फाल्गुनात.

भर पावसात डागाच्या काठाने पेन्सिलीची रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. दर आठवड्याला नवी रेघ. जमिनीपासून कमरेपर्यंत सलग पट्टा असेल आणि त्याच्या वरच्या काठाला पांढरा लोणा फुटला असेल, तर ओल पायातून चढते आहे. भिंतीच्या वरच्या भागात डाग असेल आणि सर येऊन गेल्यावर तो गडद होत असेल, तर कौलं, पन्हाळ आणि भिंतीचा माथा बघा. उघडीप असतानाही डाग वाढतच असेल, तर संशय नळावर किंवा पलीकडच्या न्हाणीवर घ्या. रात्री सगळे नळ आणि टाकीत येणारं पाणी बंद करून टाकीतली पातळी खुणेने नोंदवा. सकाळी ती उतरलेली दिसली तर पाइप गळतो आहे. न्हाणीसाठी मोरीच्या तोंडात फडक्याचा घट्ट बोळा कोंबून दोन बोटं पाणी रात्रभर साठवा. सकाळपर्यंत ते निम्म्यावर आलं, तर फरशीच्या सांध्यातून झिरपतं आहे. ही दुरुस्ती झाल्याशिवाय भिंतीला हात लावण्यात अर्थ नाही. ओल्या भिंतीवर स्विचबोर्ड असेल, तर मात्र आजच मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा.

ओल पायातूनच चढत असेल, तर दोष बहुधा घराबाहेर सापडतो. अंगणात दरवर्षी भर पडते, मग कोबा होतो, त्यावर पेव्हर बसतात, आणि एके काळी दोन पायऱ्या उंच असलेलं जोतं जमिनीला टेकतं. भिंतीलगतची माती घरातल्या जमिनीपेक्षा निदान ६ इंच खाली जाईल इतकी उतरवा. कोबा थेट भिंतीला भिडलेला असेल, तर दीड फुटाची पट्टी फोडून तिथे खडी भरा. अंगणाचा उतार घरापासून दूर जाणारा हवा आणि पन्हाळीचं पाणी चरातून लांब सोडायला हवं, कारण पागोळ्यांचं पाणी जोत्यालगत मुरलं, तर जमिनीखालून मधल्या भिंतीच्या पायापर्यंत पोचतं. पुष्कळ घरांत एवढ्यावरच पेन्सिलीच्या रेघा खाली सरकायला लागतात.

दिवाळीनंतर सिमेंटचा गिलावा काढायला घ्या. ओलीच्या सर्वांत वरच्या रेघेच्याही दीड फूट वरपर्यंत, शक्य असेल तर दोन्ही बाजूंनी. छिन्नी तिरकी धरायची, म्हणजे चिऱ्याची कड तुटत नाही. सुटी झालेली दरज पाऊण इंच खोल खरवडा. भिंत फुगलेली किंवा ओळंब्यातून सुटलेली दिसली तर थांबा आणि आधी इंजिनिअरला दाखवा. दाराच्या चौकटीचे पायही टोचून बघा, ओलीमागे वाळवी येते. आता लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा आणि सुपलीत गोळा करून घराबाहेर टाकायचा. गवंडी भिंत धुवायला निघतात, त्यांना थांबवा: पाण्यात विरघळलेला क्षार पुन्हा चिऱ्यातच शिरतो. क्षार फारच असेल, तर कोऱ्या कागदाचा भिजवलेला लगदा अर्धा इंच जाडीने थापा आणि पूर्ण सुकल्यावर सोलून काढा. सुकताना तो क्षार ओढून घेतो. असं दोन-तीनदा करावं लागतं.

मग भिंत उघडीच ठेवायची. ढोबळमानाने एक इंच जाडी सुकायला एक महिना लागतो, म्हणून दोन्ही बाजू मोकळ्या असणं मोलाचं. खिडक्या उघड्या, कपाट हातभर पुढे. घरचे कंटाळतात, पाहुण्यांपुढे संकोचतात, पण इथे घाई केली तर सगळी मेहनत वाया जाते.

फाल्गुनात गिलावा. कळीचा चुना स्वतः विरवणार असाल तर आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा सोडा, चुन्यावर पाणी ओतू नका. तो उकळून उडतो, तेव्हा डोळ्यांना चष्मा हवाच आणि मुलं लांब हवीत. विरलेला चुना पाण्याखाली निदान पंधरवडाभर मुरू द्या. प्रमाण १ भाग चुना, ३ भाग धुतलेली वाळू. समुद्राची वाळू अजिबात नको, क्षार आपणच आणल्यासारखं होईल. लवकर धरावा म्हणून थोडी विटांची सुरखी घालतात, ती चालेल. सिमेंटची ओंजळसुद्धा घालू देऊ नका. आधी दरजा भरा. भिंतीवर पाण्याचा हलका शिडकावा करून अर्ध्या इंचाहून पातळ थर द्या, आठवड्याने दुसरा. दोन्ही वेळा ओलं गोणपाट लावून आठवडाभर दमट ठेवा, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो आणि उन्हाने एकदम सुकला तर तडकतो. वरून चुन्याच्या सफेतीचे तीन-चार पातळ हात. रंग हवा असेल तर गेरू मिसळा.

पहिल्या पावसाळ्यात थोडा लोणा पुन्हा दिसेल. तो कोरडा झाडून टाका आणि पेन्सिलीच्या रेघा चालू ठेवा. रेघ गेल्या वर्षीपेक्षा वर गेली, तर भिंत न फोडता परत अंगणात जाऊन उतार तपासा.