आजींनाच बोलू द्या

सत्तरी ओलांडलेल्या माणसाची निम्मी दुखणी घरच्यांनी दवाखान्यात येण्याआधीच ‘वयोमानाने होणारच’ या खात्यात जमा केलेली असतात. आम्ही डॉक्टरही यात मागे नाही.

प्रश्न आजींना विचारलेला असतो, उत्तर मागे उभा असलेला मुलगा देतो, “हल्ली फार विसरते. वय झालं ना!” आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत गप्प. समोर बसून, जरा सावकाश आणि स्पष्ट बोललं की लक्षात येतं, त्यांना धड ऐकूच येत नाही. जे कानावर पडलंच नाही, ते लक्षात कसं राहणार? कधी कानात नुसता मळ साचलेला असतो. कधी थायरॉइड मंदावलेलं, कधी बी-१२ कमी, कधी झोपेच्या गोळीचा परिणाम, तर कधी चक्क नैराश्य. या सगळ्यांवर उपचार आहेत, पण तपासलं तर!

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा. कालपर्यंत नीट बोलणारं माणूस एक-दोन दिवसांत बरळू लागलं, दिवस-रात्रीचं भान सुटलं, तर ते म्हातारपण नव्हे. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम घटणं, काहीही असू शकतं. आणि उतारवयात संसर्गातही ताप येतोच असं नाही. हृदयविकाराचा झटकासुद्धा कधी कधी छातीत न दुखता, नुसता दम लागून आणि घाम फुटून येतो. अशा वेळी उद्यावर ढकलू नका.

“तुम्ही बसा हो, तुम्हाला नाही जमायचं” यात माया असते, कबूल. पण बसवून ठेवलेल्या माणसाचे स्नायू झपाट्याने झिजतात, तोल जातो, आणि मग पडणं ओघानेच आलं. शिवाय हे रोज ऐकून त्यालाही ते खरं वाटू लागतं. येल विद्यापीठाच्या बेका लेवी यांच्या २००२ च्या अभ्यासात, स्वतःच्या म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने पाहणारी माणसं इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगल्याचं आढळलं. निव्वळ नजरेमुळेच असं नाही म्हणता येणार, तरी फरक लहान नाही.

तेव्हा ज्येष्ठांना तपासायला आणताना चष्मा, श्रवणयंत्र आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या बरोबर आणा, आणि आधी त्यांना बोलू द्या. डॉक्टरांनी वयावर बोट ठेवून वाटेला लावलं, तर “आणखी कशामुळे असू शकेल?” असं बेधडक विचारा. घरात हेळसांड किंवा छळ होत असेल, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.