अमेरिका कधी हरतच नाही का?

प्रश्न : महिलांच्या बास्केटबॉल विश्वचषकात बघावं तेव्हा अमेरिकाच जिंकलेली असते. हे पहिल्यापासून असंच आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुळीच नाही. १९५३ साली चिलीत भरलेली पहिली स्पर्धा अमेरिकेने जिंकली, १९५७ची दुसरीही. पण १९५९ ते १९७५ या काळातल्या पाचही स्पर्धा सोव्हिएत संघाने मारल्या. १९६७ साली प्रागला अकरा संघ उतरले होते आणि अमेरिकेचा नंबर अकरावा!

कारण गमतीचं आहे. अमेरिकेतल्या मुली घरी जो खेळ खेळत, तो जगाचा बास्केटबॉल नव्हताच. बायकांना अख्खं मैदान धावणं झेपायचं नाही, या समजुतीपायी त्यांना वेगळे नियम होते. संघात पाचऐवजी सहा जणी. तिघींनी नुसते बास्केट करायचे, तिघींनी नुसतं अडवायचं, मधली रेषा ओलांडायची नाही. म्हणजे बचावातली मुलगी सामनाभर घाम गाळणार, पण तिच्या नावावर एक गुण लागणार नाही. ड्रिबलिंगवरही मर्यादा. पुढे नियम थोडे सैल झाले, तरी पाच जणींचा खरा खेळ कॉलेजांत आला तो १९७१मध्ये. दुसऱ्याच वर्षी, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलामुलींत भेद करायला मनाई करणारा कायदा झाला. मग मुलींनाही शिष्यवृत्त्या आणि चांगले प्रशिक्षक मिळू लागले. माझ्या मते अमेरिकेच्या आजच्या दबदब्याचं मूळ कुठल्याही एका खेळाडूपेक्षा या कायद्यात आहे. (आयोवातल्या शाळांनी मात्र सहा जणींचा खेळ १९९३पर्यंत सोडला नाही. हौस!)

अमेरिकेने १९७९चा चषक जिंकला खरा, पण सेऊलच्या त्या स्पर्धेला सोव्हिएत संघ गेलाच नव्हता. त्यांच्याकडे लाटव्हियाची उलियाना सेम्योनोवा होती, उंची सुमारे सात फूट. १९८३च्या अंतिम सामन्यात सोव्हिएत संघच ८४-८२ असा जिंकला. १९८६मध्ये अमेरिकेने थेट मॉस्कोत जाऊन १०८-८८ अशी परतफेड केली.

त्यानंतरही धक्के बसलेच. १९९४च्या उपांत्य सामन्यात ब्राझीलने ११०-१०७ असं हरवलं आणि पुढे चषकही नेला. २००६मध्ये रशियाने उपांत्य फेरीतच बाहेर काढलं; पण अंतिम सामना मारला ऑस्ट्रेलियाने. तेव्हापासून २०२२च्या सिडनीपर्यंत मात्र चषक अमेरिकेकडेच आहे.