प्रमाणपत्र आणि मावशींचा शब्द

प्रमाणभाषेवर आपल्या मंडळात बरेच वाद झालेत. आज त्यातला 'प्रमाण' हा शब्द जरा बाजारात नेऊया.

उद्यमबाग म्हटलं की फाउंड्री आठवतात, पण येळ्ळूरची भातशेती तिथून लांब नाही. रविवारी मिसा झाल्यावर मी भाजी घेते. एका मावशींच्या बुट्टीपुढे पुठ्ठ्यावर 'सेंद्रिय' लिहिलेलं होतं. विचारलं, "मावशी, सर्टिफिकेट हाय काय?" त्या म्हणाल्या, "शेतात येऊन बघ की बाळ."

न्यायदर्शनात चार प्रमाणं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्तवचन, ज्याला ठाऊक आहे आणि जो खरं सांगतो त्याचं बोलणं. मावशी मला प्रत्यक्ष देत होत्या. मला शब्द हवा होता, तोही छापील!

छापील शब्दाच्या आपल्याकडे दोन सरकारमान्य वाटा आहेत. एनपीओपी २००१ पासूनची. तिथे बाहेरची मान्यताप्राप्त संस्था तपासणी करते, निर्यातीला हाच दाखला चालतो. पण एकट्या दोन एकरवाल्याला तो खर्च झेपणं कठीण. दुसरी पीजीएस-इंडिया. यात जवळपासचे किमान पाच शेतकरी गट करून एकमेकांची शेतं तपासतात. रासायनिक शेतीतून बाहेर पडण्याच्या काळात मालावर 'पीजीएस-इंडिया ग्रीन', नंतर 'पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक'. आमच्या चर्चमध्ये लग्नाआधी नावं पुकारतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. मला हे तसंच वाटलं, साक्ष ओळखीच्यांची. आता बांधाला बांध असलेला माणूस शेजाऱ्याविरुद्ध बोलेल का, ही शंका रास्तच आहे. म्हणून गटाचा निर्णय वर प्रादेशिक परिषद बघते.

२०१७ च्या एफएसएसएआय नियमांनी सेंद्रिय मालाला दाखला लागतो, 'जैविक भारत' हे चिन्हही तेव्हाचंच. पण स्वतः पिकवून थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला त्यातून सूट आहे. म्हणजे दाखला नाही एवढ्यावरून मावशींचा पुठ्ठा खोटा ठरत नाही, आणि पुठ्ठा आहे म्हणून खराही ठरत नाही. 'गावठी' हा शब्द तर सहसा कुणी तपासत नाही.

पुढच्या रविवारी प्रश्न बदलला. "मावशी, शेजारचे फवारतात काय?"

"फवारत्यात की. वारं आलं की येतंयच थोडं. म्हणून त्या कडंच्या दोन वळी आमी विकत न्हाई."

दाखल्याच्या नियमांत याच कडेच्या पट्ट्याला बफर म्हणतात. मेथीच्या दोन पेंढ्या घेतल्या.