आधी सांग, समुद्र कुठून बघायचाय?

बाय गो, दोन्ही गेम हवेत आणि पैसे एकाचेच आहेत, हे तुझं दुखणं समजलं. ‘एम्पायर: टोटल वॉर’ की ‘असॅसिन्स क्रीड ४: ब्लॅक फ्लॅग’? मैत्रिणी म्हणतात ब्लॅक फ्लॅग, कारण त्यात मजा आहे. दादा म्हणतो एम्पायर, कारण त्यात मराठे आहेत. दोघांचंही घटकाभर बाजूला ठेव. मी दोन्ही खेळलेय आणि तुलाही चांगली ओळखते, त्यामुळे माझं ऐकून घे, मग हवं ते कर.

दोन्ही अठराव्या शतकातले, दोन्हींत शिडाची जहाजं आणि तोफा. पण खेळायला बसलीस की दोघांचं काहीच जुळत नाही.

एम्पायर २००९ चा. त्यात तू कुणी माणूस नसतेस, अख्खं राज्य असतेस. साल १७००, समोर नकाशा पसरलेला. कर किती लावायचा, शाळा आधी बांधायची की तोफखाना, कुणाशी तह आणि कुणाशी वैर, हे सगळं तू ठरवायचं. एका वर्षाच्या दोन चाली, अशा १७९९ पर्यंत. लढाई जुंपली की खाली उतरून पलटणी हलवायच्या, कंटाळा आला तर निकाल कॉम्प्युटरवर सोपवायचा. टोटल वॉर मालिकेत समुद्रावरची लढाई आपल्या हाताने लढता आली ती याच गेमपासून.

मराठे आहेत, हे दादाचं खरं. पण कसे आहेत ते बघ. १७०० च्या मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, साताऱ्याला औरंगजेबाचा वेढा होता आणि पुढच्याच महिन्यात तो किल्ला पडला. राज्य हाकायला उभी राहिली पंचविशीतली ताराबाई. यातलं काही गेममध्ये जाणवत नाही. तिथे तुला बसल्या जागी घडी बसलेलं राज्य मिळतं, करवसुलीसकट. गनिमी कावा विसर, माणसं रांगेत उभी करून बंदुका झाडायच्या.

आणि वेंगुर्लं शोधू नको, सापडायचं नाही. गोवा आहे पोर्तुगीजांकडे, सिलोन आहे डचांकडे. पण १६३७ मध्ये डचांनी आपल्याकडे वखार घातली ती पोर्तुगीजांच्या गोव्याची समुद्रातून कोंडी करायला जवळची जागा हवी म्हणून, आणि १८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून हे बंदर इंग्रजांकडे गेलं, असल्या बारीक गोष्टी त्या नकाशात मावत नाहीत.

तरी एक गोष्ट एम्पायर फार चांगली शिकवतो, ती म्हणजे पैशाचं गणित. आरमार बांधणं एकवेळ जमतं, ते पोसताना दर चालीला खिसा फाटतो. मग मोह होतो की शेजारचा त्रासदायक सरदार दुसऱ्या कुणाच्या मदतीने परस्पर मोडून काढावा. १७५६ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी हेच केलं. तुळाजी आंग्रे डोईजड झाला म्हणून इंग्रजांशी हातमिळवणी केली, आणि विजयदुर्गात मराठी माणसाच्या हाताखालचं सगळ्यात मोठं आरमार जळालं. शाळेत हे वाचताना ‘असं कसं केलं?’ वाटतं. तिजोरी रिकामी आणि तीन बाजूंनी शत्रू, असं एकदा खेळून बघ. आपणही तेच करतो गो.

आता ब्लॅक फ्लॅग. हा २०१३ चा. इथे तू एक माणूस असतेस: एडवर्ड केनवे, वेल्सचा, कर्जबाजारी, श्रीमंत व्हायला समुद्रावर निघालेला. साल १७१५, वेस्ट इंडीजची बेटं. हवाना, नासाऊ, किंग्स्टन या गावांच्या कौलांवरून धावायचं, बुडालेल्या जहाजांत सूर मारायचा, वादळात स्वतःचं जहाज हाकायचं. खलाशी कामं करता करता कोरसात गाणी म्हणतात. ती ऐकण्यासाठी मी कित्येकदा मुक्कामाचं ठिकाण मुद्दाम लांबून गाठलंय.

केनवे कल्पनेतला, पण त्याच्याभोवतीचे ब्लॅकबिअर्ड, ॲन बॉनी, मेरी रीड हे खरोखर होऊन गेलेले. आपल्या दशावतारासारखंच आहे हे: आख्यान ठरलेलं, संवाद मात्र नटाने उभ्या उभ्या रचलेले. त्यामुळे त्यातलं बोलणं इतिहास म्हणून कुणाला सांगत सुटू नको. कंटाळवाणं म्हणशील तर कुणाच्या तरी मागे लपतछपत जाऊन त्याचं बोलणं ऐकायचं काम पुन्हा पुन्हा येतं, आणि मध्येच आजच्या काळातल्या एका ऑफिसात नेऊन सोडतात. रक्तपातही भरपूर आहे. तुला अठरा पूर्ण झाली म्हणून बोलतेय, आत्याच्या चिंट्याला शेजारी बसवून खेळू नको.

खेळताना एक गोष्ट मात्र मनात असू दे. त्या गेममधले चाचे म्हणजे रुबाबदार, स्वतंत्र माणसं. त्याच वर्षांत आपल्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे होते, मराठ्यांचे सरखेल. इंग्रज त्यांनाही चाचाच म्हणत. का? तर ते आपल्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजांकडे दस्तक मागत आणि ते नसलेलं जहाज पकडत. पोर्तुगीज हेच परवाने ‘कार्ताझ’ म्हणून दोनशे वर्षं विकत आले होते. त्यांनी विकले तर कायदा, आंग्र्यांनी मागितले तर चाचेगिरी! १७१८ मध्ये तिकडे ब्लॅकबिअर्ड मारला गेला. इकडे १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. हा गेम अजून कुणी काढलेला नाही. तू काढ.

मग घ्यायचा खयचो? बंदरावर जाताना ती पडकी डच वखार लागते ना, तिच्यासमोर उभी राहून स्वतःला विचार, पहिल्यांदा काय मनात येतं. हिचा हिशेब कोण ठेवत असेल, माल कुठून यायचा, डच इथेच का आले, असं मनात आलं तर एम्पायर. आत शिरून वरच्या मजल्यावरून समुद्र कसा दिसत असेल, असं आलं तर ब्लॅक फ्लॅग. माझ्या मनात नेहमी हिशेब येतो. तू मात्र भिंत बघितलीस की आधी पाय कुठे ठेवायचा ते शोधतेस. (खऱ्या वखारीत चढू नको, ती पडायला आलीय.)

म्हणून तू ब्लॅक फ्लॅग घे. नकाशासमोर तासभर बसून कर ठरवायला तुझ्यात अजून थारा नाही, आणि अठराव्या वर्षी तो नसला तरी काही बिघडत नाही. दादाला वाईट वाटेल म्हणून एम्पायर घेतलास तर दोन दिवसांत बंद पडेल आणि मग आई विचारील, ‘पैशे खंय गेले?’

थोडं व्यवहाराचं. तुझ्याकडे दिलेल्या माझ्या लॅपटॉपवर दोन्ही चालतील. ब्लॅक फ्लॅगला युबिसॉफ्टचं वेगळं खातं काढावं लागतं, तेव्हा नेट नीट असताना सगळं उरकून घे. पावसात लाइट गेली तर एम्पायर थांबवणं सोपं. जहाजांच्या लढाईच्या मध्यावर बॅटरी संपली तर मात्र रडू येईल, म्हणून चार्ज करूनच बस. स्टीमवर घेतलास तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालं असेल तर पैसे परत मागता येतात. पहिल्याच बैठकीत ठरवून टाक.

पैसे उरले तर ‘राजी’ बघून ठेव. २०२० चा, पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, शनिवार-रविवारात संपेल एवढा. इतिहास नाही, पुराणकथेच्या वळणाचा आहे. हरवलेल्या धाकट्या भावासाठी असुरांशी लढणारी थोरली बहीण आहे त्यात. खेळलीस तर माझी थोडी किंमत कळेल.

एम्पायर डिसेंबरच्या सेलमध्ये घे, तोवर अक्कलही वाढेल. आणि त्यात इंग्रजांशी तह करण्याआधी मला फोन कर.