नोटेशन स्टँडला नवा रंग : किती खर्च, कोणाकडून, आणि कधी नकोच

४०० ते ९०० रुपयांत मिळणारा घडीचा नोटेशन स्टँड रंगवायला काढू नका, हे आधीच सांगून टाकतो. त्याच्या पट्ट्यांवर आणि बारीक नळ्यांवर बहुतेक वेळा निकेलचा किंवा क्रोमचा मुलामा असतो, आणि त्यावर रंग नीट धरत नाही. धरलाच तरी घडी घालताना प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीवर घासते आणि थोड्याच दिवसांत तो खरवडून निघतो. गंजाचे डाग बारीक स्टील वूलने घासा, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून कोरडे पुसा, पायांना नवी रबरी बुचे घाला. पन्नास-साठ रुपयांत काम होते. रिव्हेटच सैल झाली असेल, तर नवा घेतलेला बरा.

रंगाचा विचार करायचा तो सलग पत्र्याची किंवा भोकाभोकांची पाटी असलेल्या जड स्टँडचा. शाळेच्या बँडखोलीत, चर्चच्या गायनवृंदात, व्हायोलिनच्या क्लासात, सुगम संगीताच्या मंचावर गाण्यांची वही पुढे ठेवून गाणाऱ्यांसमोर असतो तो. असा नवा स्टँड साधारण १,५०० ते ३,५०० रुपयांना पडतो. मॅनहॅसेटसारख्या अमेरिकी कंपनीचा आयात केलेला असेल, तर किंमत याच्या कितीतरी पट. त्यामुळे हे स्टँड पिढ्यान्‌पिढ्या वापरले जातात, आणि पाटीच्या खालच्या ओठाचा रंग उडून आतला पत्रा चमकायला लागला की कोणीतरी म्हणतेच, ‘रंग मारून घेऊ.’

मारून घ्या, पण आधी यंत्रणा तपासा. दांडा वर करून सोडा. आपोआप खाली सरकतो का? पाटीवर जाडजूड पुस्तक ठेवा. पाटी मान टाकते का? उत्तर ‘हो’ असेल, तर आधी ते काम. पाटीमागचा स्क्रू किंवा नट आवळून भागले तर उत्तम. विंग नट किंवा नॉब बदलायला २० ते १०० रुपये लागतील. दांड्याची पकडच गेली असेल, तर रंगावर पैसे घालू नका. माझा साधा हिशेब असा : दुरुस्ती आणि रंग मिळून नव्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेले, तर ते काम सोडून द्यावे. अपवाद आयात केलेल्या जड स्टँडचा; तिथे निम्मा खर्चही परवडतो.

छोट्या खरवड्यांसाठी स्प्रेचा डबा आणायची गरज नाही. मॅट काळ्या इनॅमलची ५० किंवा १०० मिलिलिटरची डबी ५० ते १०० रुपयांत मिळते. बारीक ब्रश, ३२० नंबरचा वॉटर पेपर, चिंधीवर थोडे थिनर, बस्स. खरवड्याच्या कडा घासून गुळगुळीत करायच्या, पुसायचे, रंग टेकवत जायचे, ओढायचा नाही. ‘मॅट’ हा शब्द मात्र दुकानदाराला दोनदा सांगा, कारण नुसते ‘काळा इनॅमल’ म्हटले की चकचकीतच हातात पडते. चकचकीत पाटीवर मंचावरचा दिवा उलटून थेट वाजवणाऱ्याच्या डोळ्यांत येतो. मूळचा रंग बारीक सुरकुत्यांचा असेल, तर सपाट डाग उठून दिसेल. तो मागच्या बाजूला असेल तर कोण बघतो?

पूर्ण रंग घरी द्यायचा, तर आधी फ्रीजवरचे चुंबक घेऊन या. दांडा आणि पाय बहुधा लोखंडी असतात, पण पाटी कित्येकदा ॲल्युमिनियमची, म्हणजे चुंबकाला न चिकटणारी निघते, आणि तिथेच बहुतेकांचा रंग फसतो. लोखंडाला रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेट प्रायमर चालतो. ॲल्युमिनियमवर रेड ऑक्साइड लावला, तर काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. त्याला एच प्रायमर लागतो, काही दुकानांत त्यालाच वॉश प्रायमर म्हणतात. आधी १२० किंवा १८० नंबरने गंज आणि सुटलेला रंग काढायचा, मग ३२० ने सगळ्या जुन्या रंगाची चमक मारायची. फार जुना स्टँड असेल, तर कोरडा घासू नका, पाणी लावून घासा. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांमधल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासूनच लागू आहे, त्याआधीच्या रंगाची धूळ मुलांच्या खोलीत उडवण्यात अर्थ नाही.

खर्च असा येतो. ४०० मिलिलिटरच्या आसपासचा मॅट काळ्या स्प्रेचा डबा २५० ते ३५० रुपये, प्रायमरचा डबा तेवढाच, पेपर-थिनर-मास्किंग टेप मिळून ७५ ते १००. पाटीच्या दोन्ही बाजू, दांडा आणि पाय धरले तर एका स्टँडचा पृष्ठभाग साधारण पाच चौरस फूट भरतो. दोन हात द्यायचे, आणि फवारा बारीक दांड्यावर मारताना निम्मा हवेत जातो, म्हणून एका डब्यात एकच स्टँड नीट होतो. प्रायमर दोघांत पुरतो. म्हणजे स्टँडमागे साडेचारशे ते सव्वासहाशे रुपये, तुमचा रविवार वेगळा. ब्रशने इनॅमल लावले, तर दीडशे-दोनशेत भागते, पण ब्रशच्या रेषा दिसतात आणि एक हात वाळायला आख्खी रात्र जाते. दुचाकींना रंग देणारा गॅरेजवाला पेंटर कॉम्प्रेसरवर ३०० ते ६०० रुपयांत एक स्टँड करून देतो. तो डुको मारतो, हात सफाईदार असतो. फक्त त्यालाही ‘मॅट’ लिहून द्या.

हे सगळे आकडे पुणे-मुंबई पट्ट्यातल्या हिशेबाचे अंदाज आहेत, नाशिक-कोल्हापूरला मजुरी थोडी खाली येईल. पण त्यातून एक गोष्ट निघते, ती बहुतेक शाळा आणि मंडळे ध्यानातच घेत नाहीत. पावडर कोटिंग म्हणजे महागडे काम, असे समजून ती शिपायाच्या हातात स्प्रेचे डबे देतात. भोसरी, अंबड, वसईसारख्या औद्योगिक भागांत पावडर कोटिंगवाले चौरस फुटाला २० ते ४० रुपये घेतात. पाच चौरस फुटांचे झाले १०० ते २००. जुना रंग काढायचे ५० ते १०० वर. म्हणजे स्टँडमागे दीडशे ते तीनशे, स्प्रेच्या डब्यापेक्षा कमी! अडचण एवढीच की एका खेपेचा किमान आकार १,००० ते २,००० असतो. एकच स्टँड नेलात, तर तो सगळा आकार त्याच्याच डोक्यावर. तीन नेलेत की स्प्रेशी बरोबरी होते, पाच-सहा नेलेत की स्प्रे हरतो, आणि पंचवीस नेलेत तर घासाघीस करून आणखी उतरतो. म्हणून आपल्या क्लासचे दोन स्टँड असतील, तर शेजारच्या क्लासवाल्याला फोन करा, चर्चच्या गायनवृंदाला विचारा, एकत्र टेंपो भरा.

पावडर विजेच्या भाराने धातूला चिकटवतात आणि भट्टीत १८० ते २०० अंशांवर दहा-वीस मिनिटे भाजतात. ६० ते ८० मायक्रॉनचा थर बसतो, हाताने मारलेल्या रंगापेक्षा तो कितीतरी टणक. पण भट्टीत जाणाऱ्या गोष्टीत नायलॉन, रबर, प्लॅस्टिक काहीही राहता कामा नये. चांगल्या स्टँडच्या दांड्यात नॉब नसतो. आतला दांडा बाहेरच्या नळीत घर्षणावर अडून राहतो, आणि ती पकड नायलॉनच्या किंवा तशाच तुकड्यावर अवलंबून असते. तो तुकडा भट्टीत बिघडला की स्टँड कायमचा गुडघ्यात बसला. म्हणून सगळे सोडवून न्या, फोटो काढून ठेवा, स्क्रू डबीत घाला. पाटी रिव्हेटने पक्की असेल, तर पाटी आणि मागचा सांधा एकत्र भट्टीत जाईल का, हे आधी कोटिंगवाल्याला दाखवून ठरवा.

आत सरकणारा दांडा रंगवायचाच नाही. घरी असो की कारखान्यात, त्याच्यावर टेप. थर बसला की तो नळीत जात नाही, जबरदस्तीने घातला तर दोन्ही खरवडतात. त्याला तेलही देऊ नका. तेल लागले की स्टँड गाणे संपेपर्यंत हळूहळू खाली उतरतो. आट्यांवरही टेप किंवा सिलिकॉनचे बूच लावून घ्या, नाही तर आटे बुजतात आणि नंतर टॅप फिरवायला वेगळे पैसे.

कारखान्यात ‘सेव्हन टँक’ करता का, हे विचारा. तेल काढणे, धुणे, गंज काढणे, पुन्हा धुणे, फॉस्फेटिंग, धुणे, पॅसिव्हेशन, अशी ती साखळी. याशिवाय नुसते पुसून कोटिंग करणाऱ्याकडे जाऊ नका. पण ॲल्युमिनियमची पाटी लोखंडासाठीच्या आम्लाच्या टाकीत बुडवली, तर पत्राच खाल्ला जातो. म्हणून चुंबकाने पाहून पाट्यांवर ‘ॲल्युमिनियम’ अशी चिठ्ठी बांधा आणि पावतीवर लिहून घ्या. सँड ब्लास्टिंगही पातळ पाटीवर नको, ती वाकते. नळ्यांमध्ये आम्ल अडकून राहिले, तर कोटिंगच्या आतून गंज फुटतो. नळीची दोन्ही तोंडे उघडी करूनच द्या.

दिवसही निवडून घ्या. पावसाळ्यात डुको किंवा स्प्रे मारला, तर दमट हवेत काळ्यावर पांढुरकी साय येते, आणि मग दोष डब्याला जातो. कोकणात, गोव्यात खारी हवा गंज लवकर आणते, तिथे प्रायमर कधीच वगळू नका. पावडर कोटिंगवाल्याकडे दिवाळीच्या आधी ग्रिल आणि फर्निचरची गर्दी असते. तुमचे वीस स्टँड तेव्हा सर्वांत मागे राहतील. दिवाळीनंतर मेपर्यंतचा कोणताही निवांत आठवडा चालेल. रंग म्हणून मॅट किंवा टेक्श्चर काळा मागा. टेक्श्चरवर बोटांचे ठसे आणि बारीक खरवडे लपतात, दर थोडा चढतो.

माल घेताना पाटीच्या आतल्या कोपऱ्यात आणि ओठाच्या वळणात बघा, तिथे पावडर कमी बसते. नखाने कडेला ओरखडा काढून पाहा, थर सुटला तर तिथेच परत करा. आणि पैसे द्यायच्या आधी एक स्टँड जागेवर जोडा, दांडा वर-खाली करा. जीएसटी धरून की सोडून, वाहतूक कोणाची, हे आधी ठरलेले असेलच. घरी आणल्यावर पांढऱ्या पेंट मार्करने पायाच्या खाली नंबर टाकून ठेवा. कार्यक्रमानंतर दुसऱ्या मंडळाच्या टेंपोत गेलेले स्टँड त्यावरूनच परत येतात.