दुसऱ्याच्या प्रयोगशाळेतही तेच यायला हवं

सांगली, १४ जून

चि. सायलीस,

तुझी मेल परवाच वाचली. आयजेमच्या, म्हणजे कृत्रिम जीवशास्त्राच्या विद्यार्थी-स्पर्धेच्या, संघात तुझी निवड झाल्याचा सगळ्यांना आनंद आहे. तुझ्या बाबांनी तर ही स्पर्धा कसली हे नीट समजून न घेताच चार घरी बातमी पोचवली. तुझ्या प्रश्नाला मात्र सवडीनं उत्तर द्यावं म्हणून दोन दिवस थांबले.

तू लिहितेस की दुसऱ्या एका संघानं तुमच्या शिसं ओळखणाऱ्या जिवाणू-सेन्सरचं प्लाझ्मिड, म्हणजे तो सेन्सर ज्यावर लिहिलाय तो डीएनए, मागितलंय आणि त्यावरून तुमच्यात दोन तट पडलेत. काहीजण म्हणतात, देऊन टाकू, सहकार्य केलं असं दाखवता येईल. बाकीचे म्हणतात, आपली मेहनत आयती त्यांच्या हातात का द्यायची? मला दोन्ही पक्ष सारखेच चुकलेले वाटतात. दोघांनीही धरून चाललंय की यात तुमच्याकडून काहीतरी जाणार आहे. अगं, तुमच्या सेन्सरचा आकडा तुमच्याच इन्क्युबेटरमध्ये, तुमच्याच हातून चारदा आला तरी तो अजून तुमच्यापुरताच आहे. तुम्हाला न ओळखणाऱ्या मुलांनी, वेगळ्या यंत्रावर, तुमचा कागद वाचून तोच आकडा काढला की मग तो विज्ञानाचा झाला. एवढी तपासणी दुसरा संघ फुकट करून देत असेल तर लाभ कोणाचा, याचा हिशेब मांडून बघ.

ही स्पर्धा उभीच या विचारावर आहे. २००३च्या जानेवारीत एमआयटीमध्ये विद्यार्थ्यांसाठी एक छोटा अभ्यासक्रम झाला, २००४ साली त्यातून पाच अमेरिकी विद्यापीठांची स्पर्धा निघाली आणि पुढच्या वर्षी ती आंतरराष्ट्रीय झाली. एमआयटीतलेच टॉम नाइट हे मूळचे संगणकवाले. डीएनएचे तुकडे कोणालाही कोणाच्याही तुकड्याला जोडता यावेत म्हणून त्यांनी बायोब्रिकची पद्धत बसवली. प्रत्येक तुकड्याच्या पुढं इको-आर-वन आणि एक्सबा-वन, मागं स्पी-वन आणि पीएसटी-वन या एन्झाइमांच्या कापायच्या जागा. एक्सबा-वन आणि स्पी-वननं कापलेली टोकं एकमेकांना जुळतात, पण जुळल्यावर तो सांधा दोघांपैकी कोणालाच पुन्हा कापता येत नाही. त्यामुळं जोडलेला तुकडा पुन्हा नव्या तुकड्यासारखाच वापरता येतो. आता जोडणीच्या नव्या पद्धती आल्या आहेत, पण तेव्हा हा सगळा खटाटोप केला तो अनोळखी माणसाच्या सोयीसाठी, हे लक्षात ठेव.

खरं सहकार्य कसं दिसतं हे पाहायचं असेल तर ऑस्टिनच्या मुलांची गोष्ट वाच. २००४च्या त्या पाच संघांत टेक्सस विद्यापीठाचा ऑस्टिनचा संघ होता. जिवाणूंच्या थरावर प्रकाशानं चित्र उमटवायचं त्यांच्या मनात होतं, पण ई. कोलाय या त्यांच्या जिवाणूला उजेड कळतच नाही. प्रकाश ओळखणारं प्रथिन सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार होत होतं. तिथल्या संशोधकांनी निळ्या-हिरव्या शेवाळासारख्या सायनोबॅक्टेरियामधला प्रकाशग्राही भाग ई. कोलायच्या स्वतःच्या एका संवेदक प्रथिनाला जोडला होता. लाल प्रकाश पडला की जनुक बंद, अंधारात चालू, आणि चालू असेल तिथं काळा रंग. एकीकडं सेन्सर होता, दुसरीकडं चित्र पाडण्याची यंत्रणा आणि कल्पना. दोघांचा मिळून शोधनिबंध २००५ साली ‘नेचर’मध्ये आला. यातल्या कुणी एकानं दुसऱ्यावर उपकार केले नाहीत. एकाचं अडलेलं काम दुसऱ्याकडं सुटत होतं. जोडीदार निवडताना तुम्हीही हेच विचारा: आमचं नेमकं कुठं अडलंय आणि ते यांच्याकडं सुटेल का?

याउलट, ‘तुम्ही आमची प्रश्नावली भरा, आम्ही तुमची भरतो’ हा प्रकार तुला जागोजागी भेटेल. एकेकाळी या स्पर्धेत रौप्यपदकासाठी दुसऱ्या संघाशी सहकार्य ही अटच होती, तेव्हापासून ही देवाणघेवाण चालत आली आहे. मुलं चांगली असतात, हेतूही वाईट नसतो, पण दोन्हीकडं शेवटी हाती काही लागत नाही. अशांना नम्रपणे नाही म्हणायला शीक. तसंच, ज्यांना हो म्हणशील ते दोघे-तिघेच असू देत, कारण सप्टेंबरात तुम्हाला स्वतःच्या कामातून मान वर करायला फुरसत मिळणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मोजमाप. प्लाझ्मिड पाठवण्याआधी दोन्ही संघांनी कशात मोजायचं ते ठरवून घ्या. तुमच्या प्लेट रीडरवर कल्चरची ओ.डी., म्हणजे गढूळपणाचं माप, ०.५ दिसली आणि त्यांच्याही यंत्रावर ०.५ दिसली, तरी दोन्हीकडं पेशी सारख्या असतीलच असं नाही. ते यंत्र पेशी मोजत नाही, किती प्रकाश पलीकडं पोचला ते मोजतं. तेच चकाकीचं, म्हणजे फ्लुओरेसन्सचं. एकाच्या पाच हजार युनिटांना दुसऱ्याकडं काहीच अर्थ नसतो. या अडचणीवर आयजेमच्याच संघांनी मिळून काम केलंय. २०१४ आणि २०१५ साली ८८ संस्थांतल्या मुलांनी तीच तीन जनुकीय रचना आपापल्या प्रयोगशाळेत मोजल्या. २०१८ साली २४४ प्रयोगशाळांनी ओ.डी.वरून पेशींची संख्या काढायच्या पद्धती ताडून पाहिल्या. त्यांत सरस ठरली ती सिलिकाच्या बारीक मण्यांची पद्धत. हे मणी जिवाणूएवढेच, संख्या आधीच माहीत. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये दर खळग्याला निम्मे करत न्यायचे, रीडिंग घ्यायचं आणि त्यावरून आपल्या यंत्राची पट्टी बांधायची. चकाकीसाठी तसंच फ्लुओरेसिन. तुम्ही दोघांनी आधी एवढं केलंत तरच तुमचे आकडे एकमेकांशी बोलतील.

याखेरीज प्रोटोकॉल असा लिही की तो वाचून फोन करावा लागू नये. माध्यम कोणतं, तापमान किती, शिसं कोणत्या क्षाराच्या रूपात घातलं, किती वेळानं रीडिंग घेतलं, जिवाणूचा स्ट्रेन कोणता. ‘नेहमीप्रमाणे वाढवलं’ असलं वाक्य खोडून टाक. तुमचं नेहमीचं त्यांना माहीत नसतं. सेन्सर नसलेलं रिकामं प्लाझ्मिड तुलनेसाठी कंट्रोल म्हणून सोबत द्यायला विसरू नका. आणि त्यांच्याकडं काहीच उमटलं नाही तरी ते रीडिंग जसंच्या तसं मागून घ्या. चांगल्या निकालाइतकाच तो निकाल तुमच्या वहीत जायला हवा. कदाचित तुमचा सेन्सर तुमच्या स्ट्रेनमध्येच चालत असेल. ते परीक्षकांआधी तुम्हाला कळलेलं बरं.

काहीही पाठवण्याआधी तुमच्या मार्गदर्शक सरांना विचार. आपल्याकडं जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवांसाठी पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९चे नियम आहेत, आणि त्यानुसार तुमच्या संस्थेची जैवसुरक्षा समिती असते. तिला डावलून कुरियरवाल्याच्या हातात जिवंत कल्चर ठेवायचं नाही. गाळणकागदावर वाळवलेला डीएनए पाठवता येतो, किंवा नुसता क्रम पाठवला तर ते तो कृत्रिमरीत्या बनवून घेऊ शकतात. आयजेमचा नियमही पक्का आहे: बदललेला जीव प्रयोगशाळेबाहेर सोडायचा नाही. शिशाची चाचणी करायची म्हणून सेन्सर घेऊन कोणी नदीवर निघालं, तर त्याला तिथंच थांबवा आणि नदीचं पाणी प्रयोगशाळेत आणा.

राहिली चोरीची भीती. शरद ऋतूत स्पर्धेच्या शेवटच्या मेळाव्याला पॅरिसला जाल तेव्हा तुमचं सगळं काम तुम्हालाच उघडं करायचंय. चार महिन्यांचं गुपित ठेवून काय साधणार? पेटंटचा विचार खरोखर असेल तर मात्र कुणालाही काही दाखवण्याआधी सरांशी बोला, नंतर उशीर होतो. श्रेयाचं मात्र आत्ताच लिहून ठेवा. कोणी काय केलं हे प्रत्येक संघाला जाहीर सांगावंच लागतं. रचना कोणाची, मोजमाप कोणाचं, आलेख कोण छापणार, एवढं एका पानावर लिहून दोन्ही संघांनी मान्य केलं की शेवटच्या आठवड्यात रुसवेफुगवे होत नाहीत. आणि परीक्षकांच्या मुलाखतीत त्यांचं नाव स्वतःहून घ्या, विचारायची वाट पाहू नका.

तेव्हा तुमच्या दोन्ही तटांना एकत्र बसव आणि येत्या रविवारपर्यंत त्या संघाला उत्तर जाऊ दे. त्यात तीनच गोष्टी असाव्यात: तुम्हाला त्यांच्याकडून काय तपासून हवंय, मोजमाप कोणत्या पट्टीनं करायचं, आणि निकाल कोणत्या तारखेपर्यंत. तारखेला त्यांचं उत्तर आलं नाही तर एकदा आठवण कर, दुसऱ्यांदा नको. पुढच्या संघाकडं वळ.

जेवणाच्या वेळा पाळत जा. आईला फोन कर, ती वाट पाहते.

तुझी,
मंदाआत्या